झाकलेल्या विहिरीतला गाळ

त्या वर्षी गावाच्या घशाला कोरड पडली होती, आणि पुलापलीकडच्या चौकात एक अख्खी विहीर झाकून ठेवलेली होती. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघायला फार अक्कल लागत नाही. तरी गावात ते एकाच माणसाला सुचलं, आणि तेही पाणी आणण्याचाच पगार मिळत होता म्हणून. ती गावाच्या पाणीपुरवठ्याची इंजिनीअर. सगळे तिला बाई म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू.

नळ आधी एक दिवसाआड आला, मग आठवड्यातून एकदा, मग नुसता फुसफुसायला लागला. टँकरपुढच्या रांगेत सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. बाईंनी विहिरीची चौकशी केली. पाणी समितीचे अध्यक्ष म्हणाले, त्या विहिरीचं पाणी खारं आहे. अध्यक्षांचं घर त्याच चौकात होतं, म्हणजे त्यांना माहीत असणार. वेल्डर म्हणाला, विहीर आटून जमाना झाला. औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं, पाणी भरपूर आहे पण त्याने मूतखडा होतो. आणि शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसत सांगितलं की तिथे मुळात विहीर नव्हतीच, चौक सपाट दिसावा म्हणून काँक्रीट टाकलेलं आहे. एकच विहीर खारी, आटलेली, भरलेली आणि नसलेली कशी असेल, हा प्रश्न बाईंना पडला. पण पाण्याबद्दल लोक कुठेही काहीही बोलतात, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. त्यांनी ते गावाच्या अज्ञानाच्या खात्यावर टाकलं.

त्या झाकणावर कोणी बसत नसे. बाजाराच्या दिवशी चौकात वीतभर जागेवरून डोकी फुटत, पण त्या गोल काँक्रीटवर कोणी कांद्याची टोपलीसुद्धा ठेवत नसे. का, तर तिथे ऊन फार लागतं. थंडीत विचारलं तर तिथे सावली फार. पोरं चेंडू खेळताना चेंडू झाकणावर गेला की काठीने ओढून घेत. त्यांना तसं कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांना बघून ती शिकली होती.

आता पलीकडच्यांबद्दल सांगायला हवं. पुलापलीकडे पूर्वी दुसरे लोक राहत. त्यांची बोली जराशी वेगळी, देव वेगळा, बाकी हातपाय आपल्यासारखेच. गाव त्यांना पलीकडचे म्हणे. एका उन्हाळ्यात ते गेले. म्हातारे, बाळंतिणी, पाळण्यातली पोरं, सगळे गेले. कुठे गेले विचारलं तर गाव म्हणे, नातेवाइकांकडे. सगळ्यांना एकदमच नातेवाइकांची आठवण कशी आली आणि जाताना दोरीवरचे कपडे का काढले नाहीत, हे विचारायची पद्धत नव्हती. मागे राहिलेली घरं ओसाड पडू नयेत म्हणून गावातली काही कुटुंबं तिकडे राहायला गेली. त्यांनी ते गावासाठी केलं, असं ती कुटुंबं अजून सांगतात.

अधूनमधून बाहेरून कोणी यायचं. वर्तमानपत्रवाले, संशोधन करणारे, एकदा तर परदेशी टोप्या घातलेले चौघेजण. गाव त्यांना चहा पाजायचं आणि मनापासून उत्तरं द्यायचं. काही झालं नाही. झालं ते दोन्ही बाजूंनी झालं. मेले ते साथीने मेले. एवढे मेलेच नाहीत, आकडा फुगवलाय. त्यांनीच सुरुवात केली. सुरुवात कशाची, असं पाहुण्याने विचारलं की गाव पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, काही झालं नाही. एकाच बैठकीत एकच माणूस हे सगळं सांगायचा आणि त्याच्या आवाजात जराही फरक पडायचा नाही. पाहुणे गेले की सुंठीवाचून खोकला गेला म्हणत सगळे आपापल्या कामाला लागायचे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे ते घरोघरी होतं, त्यामुळे कोणाला कोणाचं वेगळं दिसत नसे.

बाईंचा जन्म त्या उन्हाळ्यानंतरचा. त्यांचे वडील गावाचे पंपमिस्त्री होते आणि गावात त्यांच्याइतका सरळ माणूस नव्हता. दुकानदाराने चुकून दोन वॉशर जास्त दिले तर मिस्त्री उन्हात चालत जाऊन परत देऊन येत. स्वतःच्या हातून कोणाची तोटी तुटली तर ती झिजलेली होती असं म्हणत नसत, माझ्या हातून तुटली म्हणत. बाईंनी शाळेत असताना त्यांना एकदाच विचारलं होतं, बाबा, पलीकडचे कुठे गेले? मिस्त्री हात धूत होते. ते म्हणाले, गेले, काही झालं नाही. आणि आणखी बराच वेळ हात धुवत राहिले. बाईंना ते पुरलं.

पुढे शहरात शिकायला गेल्यावर वसतिगृहाच्या खोलीतल्या मैत्रिणीने त्यांना गाव विचारलं. गावाचं नाव ऐकून ती म्हणाली, "माझी आत्या तुमच्या गावच्या विहिरीत आहे." ओरडून नाही, पत्ता सांगावा तसं. बाई म्हणाल्या, माझे बाबा म्हणतात तिथे काही झालेलं नाही आणि माझे बाबा खोटं बोलत नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी खोली बदलून घेतली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एका ठरावीक तारखेला मैत्रिणीचा निरोप यायचा. बाई तो न वाचता पुसत. पण नंबर त्यांनी कधी पुसला नाही. एक दिवस तिला तोंडावर सांगायचं होतं.

तर ही सगळी गंमत इथे आहे. गावात हजारो माणसं काही झालं नाही म्हणत होती, पण ते खरं मानणाऱ्या एकट्या बाई होत्या. आणि खोटं जपणाऱ्यांना ते खोटं म्हणणाऱ्याची तेवढी भीती नसते, जेवढी ते खरं मानून चालणाऱ्याची असते.

समितीच्या बैठकीत बाईंनी विहीर उघडायचा प्रस्ताव ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं हसत म्हणाल्या. कोणी हसलं नाही. बाईंनी पुढे असंही सांगितलं की एकदा विहीर उघडली, तळ सगळ्यांना दिसला, की बाहेरच्यांची तोंडं कायमची बंद होतील. हातच्या कांकणाला आरसा कशाला? टेबलाभोवती अळीमिळी गुपचिळी. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि जे कारण होतं ते झालेलंच नव्हतं. अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं आणि प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर वेल्डरची कंबर धरली. गावातला पंप कोणीतरी नेला आणि तो कुठे आहे ते कोणालाच आठवेना. गवंडी लेकीकडे गेला, ज्याला लेक नव्हती. बाईंना राग आला. पाण्यावाचून पोरांच्या ओठांना भेगा पडल्यात आणि या लोकांना कामाचा कंटाळा! त्यांनी सरळ दुसऱ्या जिल्ह्यातून भोक पाडायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस मागवला.

चौकात काम चाललं तेव्हा एकाही खिडकीत डोकं दिसलं नाही. झाकण जाड होतं आणि काम पक्कं होतं. भोक पडल्यावर आतून गार हवा आली. बाईंनी दोरीला वजन बांधून खाली सोडलं. कचेरीतल्या जुन्या नकाशावर विहीर साठ फूट खोल होती. वजन पाण्यात शिरलं आणि बावीस फुटांवर टेकलं.

"गाळ," बाई म्हणाल्या.

यंत्रवाल्याने दोरीकडे बघितलं. एवढा, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, चाळीस वर्षांचा आहे. त्याला पुढच्या गावी जायचं होतं, त्याने यंत्र आवरलं.

भोकातून पाइप सोडून काढलेला पाण्याचा नमुना तपासून आला. मीठ नाही, चुना नाही, जंतू नाहीत. असं पाणी बाईंनी नोकरीत पाहिलं नव्हतं. समितीला सांगायच्या आधी त्यांनी एक कॅन भरून घरी नेला, कारण पहिला पेला बाबांनी प्यावा अशी त्यांची फार इच्छा होती. जन्मभर पंप चालवून म्हातारा झालेला माणूस, त्याला लेकीने गोड पाणी आणून द्यावं, यापेक्षा मोठं काय असतं? जिन्यावरून कॅन चढवताना बाईंना मैत्रिणीला काय सांगायचं तेसुद्धा पाठ झालं होतं.

घरात तिघंच. बाईंचे यजमान जहाजावर असत आणि वर्षातून एकदा येऊन परत जात. मिस्त्री जेवायच्या टेबलाशी बसून नातीच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त करत होते. नात आठ वर्षांची, एका जागी पाय ठरत नसल्यामुळे तिला भिंगरी म्हणत. बाईंनी तीन पेले भरले आणि मध्ये ठेवून सांगितलं, बाबा, पलीकडच्या विहिरीचं आहे.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. पेल्याकडे त्यांनी बघितलं नाही. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं त्यांनी विचारलं, पाइप किती खाली सोडला होता?

बाईंनी सांगितलं.

"तळाला टेकवला नाहीस ना?"

टेकवला की, बाई म्हणाल्या, खाली गाळ बराच आहे, पुढच्या आठवड्यात झाकण उचलून काढून घेते. त्या उत्साहाने आणखीही सांगणार होत्या. तेवढ्यात भिंगरी ओठ पुसत म्हणाली, आजोबा, गोड आहे. तिचा पेला अर्धा झाला होता.

मिस्त्रींनी तो पेला हाताच्या फटक्याने उडवला. भिंतीवर आपटून पाण्याची धार खाली आली. या घरात मुलीवर कधी हात उगारला गेला नव्हता, नातीवर तर नाहीच. पण त्यांना स्वतःचा हात दिसतच नव्हता. त्यांनी भिंगरीला उचलून मोरीवर नेलं, तिच्या तोंडात बोटं घातली आणि थुंक, थुंक म्हणत राहिले. टँकरच्या पाण्याचा राखून ठेवलेला हंडा त्यांनी तिला चुळा भरायला लावण्यात रिकामा केला. पोर घाबरून रडायचंही विसरली. मग ते गुडघ्यांवर बसले आणि फरशी पुसायला लागले. टेबलाखालची, कपाटाखालची, जिथे एक थेंब गेला नव्हता तिथलीही. पुसून झाल्यावर त्यांनी ते फडकं पिशवीत बांधलं.

"खारं आहे म्हटलं होतं ना," ते म्हणाले.

बाई उभ्याच होत्या. त्यांच्या उजव्या हाताला एक गोष्ट आठवत होती. गाळात वजन टेकत नाही. रुततं. दोरी हळूहळू सैल पडते आणि वर ओढताना चिखल ते धरून ठेवतो, हे त्यांनी कितीतरी विहिरींवर अनुभवलं होतं. त्या दिवशी वजन टक्कन थांबलं होतं, जरा घरंगळलं होतं आणि पुन्हा थांबलं होतं. वर आलं तेव्हा त्याला चिखल नव्हता. हाताला हे सगळं तेव्हाच कळलं होतं, आणि तोंडाने एका क्षणात गाळ म्हणून टाकलं होतं. आपण भोळेपणाने विश्वास ठेवला असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. आपणही याच गावच्या, आणि गावापेक्षा जास्त पटाईत, हे त्यांना तिथे कपाटाला टेकून उभं असताना कळलं. त्यांना बाबांची किळस आली, आणि लगेच त्यांच्या ओल्या गुडघ्यांची दया आली. दोन्ही एकदम आलं, एकाने दुसरं कमी झालं नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "झाकलेल्या विहिरीत गाळ येतो कुठून?"

मिस्त्री पिशवीला गाठ मारत होते. प्रश्न त्यांना बरोबर ऐकू आला. कामाबद्दलचा प्रश्न होता आणि कामाबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते.

"यायचा नाही," ते म्हणाले. "ते झाकण मी बसवलंय. सांध्यातून मुंगी जायची नाही."

आणि क्षणभर त्यांचा चेहरा, चांगल्या कामाचा विषय निघाला की व्हायचा, तसा झाला. त्यांनी पाना उचलला आणि ब्रेकला हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फोन घेऊन पायरीवर बसल्या. मैत्रिणीचा नंबर काढला. तुझी आत्या, एवढं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते एका ओळीचं काम होतं. पण त्या ओळीच्या पलीकडे चौकात उभे राहणारे परदेशी टोपीवाले त्यांना दिसले, टोपीवाल्यांच्या पुढे बाबा दिसले, म्हातारे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, झाकण कसं बसवलं ते नीट समजावून सांगणारे. कामाबद्दल विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. बाईंनी लिहिलेलं पुसलं, आणि या वेळी नंबरही पुसला. मग त्यांना फार हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची शरम वाटली, आणि ती शरम चहा होईपर्यंत टिकली.

मिस्त्री दाढी करून, जुना कामाचा शर्ट घालून दारात उभे होते. घमेलं आणि थापी त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. भोक उघडं राहायला नको, येतेस का, असं त्यांनी विचारलं. दोघं पूल ओलांडून गेले.

बाईंनी सिमेंट कालवलं. टँकरचं पाणी घरून नेलं होतं, कारण चौकातलं कोणी वापरलं नसतं. पहिली खिडकी उघडली ती अध्यक्षांची. ते स्वतः चहाची किटली घेऊन बाहेर आले. वेल्डरची कंबर सुटली आणि तो लोखंडी पट्टी घेऊन आला, म्हणाला, बाई, वरून ही मारू, पक्कं होईल. गवंडीही लेकीकडून परतला होता. मुख्याध्यापिका छत्री घेऊन आल्या आणि बाईंच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. काय झालं, का बुजवताय, असं एकानेही विचारलं नाही. अध्यक्ष फक्त म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, खारं आहे. बाई हो म्हणाल्या. हेड ऑफिसचा फोन आला, नमुना तर उत्तम होता म्हणून, तेव्हा बाईंनी सांगितलं की बाटल्यांची अदलाबदल झाली. ते इतकं सहज तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. जन्म याच गावातला, पण गावाने त्यांना खऱ्या अर्थाने आपलं म्हटलं ते त्या सकाळी. आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांना ते आवडलं.

शाळा सुटून भिंगरी सायकलवरून चौकात आली. ब्रेक छान लागत होता. तिने घमेलं बघितलं, थापी बघितली, झाकणाभोवती जमलेली मोठी माणसं बघितली, आणि विचारलं, आई, विहीर उघडणार होतीस ना?

"नाही. पाणी खारं निघालं."

"पण मी प्यायले," भिंगरी म्हणाली. "गोड होतं."

थापीचा आवाज थांबला. अध्यक्षांनी किटली खाली ठेवली. कोणी डोळे वटारले नाहीत. उलट सगळे तिच्याकडे फार मायेने बघत होते, पडलेलं पोर आपणहून उठायची वाट बघावी तसे. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांची मान खाली होती आणि हात सिमेंटमध्ये होते. मग तिने आईकडे पाहिलं.

"खारं होतं, भिंगरी," बाई म्हणाल्या.

भिंगरीने ओठांवरून जीभ फिरवली. तिला थोडा वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवत असल्यासारखं आलं, आणि मग खरंच आठवल्यासारखं झालं.

"हो," ती म्हणाली. "खारंच होतं. म्हणून तर मी थुंकून टाकलं."

अध्यक्षांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढून तिला दिला. मिस्त्रींनी हात पुढे केला, आणि बाईंनी थापीवर ओलं सिमेंट घेऊन ती त्यांच्या हातात दिली.